भिंत रंगवायच्या आधी

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीचा जिना चढून पाहा. वळणावरच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, ओळीने टाइल्स लावलेल्या दिसतील. एका टाइलवर साईबाबा, दुसरीवर क्रूस, तिसरीवर काबागृह. लोकांनी तिथे पान खाऊन थुंकू नये म्हणून केलेली ही तजवीज. ती बहुतेक ठिकाणी लागू पडते, हेही खरे. पण आमच्यातल्या एका अम्मींनी परवा विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, "ज्या कोपऱ्यात लोक थुंकतात, तिथं आपण मक्केचं चित्र नेऊन लावतो. हा अदब झाला की बेअदबी?"

प्रश्न निघाला तो डिलाईल रोडच्या एका भिंतीवरून. साधारण ४० फूट लांब आणि ८ फूट उंच अशी ही भिंत. वर शेवाळाचे डाग, मध्ये फाटलेली पोस्टरे, खाली तांबडे शिंतोडे. गल्लीतल्या काही मुलामुलींच्या मनात आले, की ही भिंत आपण रंगवावी. त्यांत आमच्या घरची मुले आहेत, शेजारच्या हिंदू आणि बौद्ध घरांतलीही आहेत. वय १४ ते २२. आम्ही त्यांचे पालक. पहिल्या दिवशी आमच्यातल्या बहुतेकांना वाटले, रविवारचे दोन डबे रंग आणि चार ब्रश, त्यात एवढे काय ठरवायचे? आज तीन महिने झाले. भिंतीला अजून रंगाचा थेंबही लागलेला नाही. तरी काम बरेच पुढे गेले आहे, असे आम्हाला वाटते. कसे, ते आमच्या वाचक भगिनी-बांधवांना सांगावे म्हणून हा लेख.

"यात आपलं काय आहे?"

डिलाईल रोडचे कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली स्थापन झालेल्या आयटक या कामगार संघटनेचे ते पहिल्या फळीचे नेते होते. रस्त्याला कामगार पुढाऱ्याचे नाव मिळाले, कारण हा सगळा भाग गिरण्यांचा. याच रस्त्यावर बीडीडी चाळी आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. डिलाईल रोडवर अशा ३२ इमारती होत्या. आता तिथे म्हाडाचा पुनर्विकास चालू आहे आणि १६० फुटांच्या जागी ५०० फुटांची घरे येत आहेत.

मुलांच्या पहिल्याच बैठकीत ठरले, की भिंतीवर गिरणगावाची गोष्ट काढायची. त्यावर आमच्यातलाच एक मुलगा म्हणाला, "काढा. पण यात आपलं काय आहे? गिरणगाव म्हटलं की गणपती, दहीहंडी, भजनी मंडळ. आपण तर मदनपुऱ्यातले, नाहीतर डोंगरीतले."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याला खरेच तसे वाटत होते. आम्ही पालक मात्र गप्प झालो, कारण चूक आमची होती. आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते.

गिरण्यांच्या विणकाम खात्यात मुसलमान विणकरांचा मोठा भरणा होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसलेले. मुंबईत आल्यावर ते साच्यांवर उभे राहिले. गिरणीच्या बोलीत मागाला साचा म्हणत. मदनपुऱ्यातून पहाटेच्या पाळीला निघालेली माणसे याच रस्त्यांनी चालत जात. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान जहाजांवर आणि गोदीत होते. सातारा, सोलापूर, कोल्हापूरकडचे मराठी मुसलमान गिरण्यांत आणि कारखान्यांत होते. गावच्या जमातीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी, खानावळीत जेवणारी आणि महिनाअखेर गावी मनिऑर्डर करणारी ही माणसे त्यांच्या हिंदू सोबत्यांपेक्षा वेगळे आयुष्य जगत नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा चूल सगळ्यांचीच विझली.

आणि ज्याच्या आवाजाने कामगारांच्या सभा भरत, तो शाहीर कोण होता? अमर शेख. बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबीच्या ओव्या ऐकत वाढलेला हा मुलगा पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात गाऊ लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा डफ गावोगाव वाजला. १९६९ साली त्यांचे निधन झाले. आमच्या मुलांपैकी एकालाही हे नाव ठाऊक नव्हते.

त्या दिवशी आम्हाला कळले, की या भिंतीचे पहिले काम रंगाचे नाही. आपल्या मुलांना आपली जागा दाखवण्याचे आहे.

चादरीची कडा

बैठकीत मतभेद लवकरच झाले. एकाला वारली चित्रे हवी होती, एकीला क्रिकेट, एकाला मोठ्या अक्षरांत फक्त "डिलाईल रोड". चित्रकलेत हुशार असलेल्या एका मुलाने तर पूर्ण चित्र काढूनच आणले आणि बाकीच्यांनी त्यात रंग भरावा, असे सुचवले. चित्र सुंदर होते. पण बाकीच्या मुलांचे चेहरे उतरले.

तेव्हा आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सीरतमधला तो प्रसंग सांगितला, जो आपल्या घरांतून सगळ्यांनी ऐकलेला असतो. काबागृहाची पुनर्बांधणी चालली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांना तेव्हा प्रेषितत्व मिळालेले नव्हते. वय सुमारे ३५ वर्षांचे. हजरे अस्वद जागेवर बसवायची वेळ आली आणि हा मान कुणाचा, यावरून कुरैशच्या घराण्यांत तलवारी निघायची पाळी आली. शेवटी ठरले, की उद्या जो पहिल्यांदा आत येईल त्याचा निवाडा मानायचा. आत आले ते मुहम्मद (स.). त्यांनी एक चादर मागवली, दगड तिच्यावर ठेवला आणि प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला चादरीची कडा धरायला सांगितली. सर्वांनी मिळून दगड उचलला आणि मग त्यांनी तो आपल्या हाताने जागेवर बसवला.

या प्रसंगाचा अर्थ मुलांनीच लावला. शेवटी दगड एकाच हाताने बसवला गेला, म्हणजे कुशल हात लागतोच. पण तो उचलताना कुणाचा हात वगळला गेला नाही. म्हणून ठरले, की मुख्य रेषा चित्रकलेत तयार झालेली चार मुले मारतील, पण काय काढायचे हे सगळी गल्ली ठरवील. आपल्या दीनमध्ये मशवऱ्याला काय स्थान आहे ते वेगळे सांगायला नको. कुरआनात एका सूरहचे नावच 'शूरा' आहे. आपण तो शब्द मशिदीच्या कमिटीपुरता ठेवतो. मुलांनी तो भिंतीला लावला.

इतरांनी कशा रंगवल्या

आपल्याआधी कुणी हे केले आहे का, हे मुलांनी शोधले. तीन उदाहरणे आमच्या उपयोगी पडली.

पहिले अगदी जवळचे. २००९ च्या ऑगस्टमध्ये तुळशी पाइप रोडवरची, म्हणजे सेनापती बापट मार्गावरची रेल्वेची भिंत रंगवण्यासाठी 'वॉल प्रोजेक्ट' या गटाने महापालिकेच्या साथीने मुंबईकरांना बोलावले. शेकडो लोक आले. ज्याने त्याने आपापला तुकडा घेतला आणि मनाला येईल ते रंगवले. रस्ता उजळला. त्यातून आम्ही शिकलो, की लोक बोलावले तर येतात. पण शेजारी शेजारी रंगवलेले तुकडे म्हणजे एक चित्र होत नाही, हेही लक्षात आले. आमची भिंत लहान आहे, तिच्यावर एकच गोष्ट मावेल.

दुसरे धारावीचे. बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या 'स्नेहा' संस्थेने २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'धारावी बिएनाले' हे प्रदर्शन भरवले. प्रदर्शन तीन आठवड्यांचे, पण त्याआधी वस्तीतल्या लोकांबरोबर दीर्घकाळ कार्यशाळा चालल्या होत्या. विषय आरोग्याचे होते. बायकांनी कापडाचे तुकडे जोडून धारावीचा नकाशा शिवला आणि घरातल्या मारहाणीच्या जागा त्यावर टाक्यांनी दाखवल्या. तोंडाने जे बोलता येत नव्हते ते सुईने सांगितले. गोधडी तर आपल्या प्रत्येक घरात शिवली जाते. कला शिकायला दूर जावे लागते, हा आमचा समज तिथेच गेला.

तिसरे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचे. तिथे पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या नाल्याच्या भिंतीवर जुडी बाका या चित्रकर्तीने १९७६ साली काम सुरू केले. पहिल्या उन्हाळ्यात ८० तरुण होते, सोबत चित्रकार आणि इतिहासाचे जाणकार. यातली कितीतरी मुले पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेली. पावसात नाल्याला पाणी येई, म्हणून काम फक्त उन्हाळ्यात होई. १९८३ पर्यंत पाच उन्हाळ्यांत ४०० हून अधिक तरुणांनी २७५४ फूट, म्हणजे जवळजवळ ८४० मीटर भिंत रंगवली. तिच्यावर कॅलिफोर्नियाचा असा इतिहास आहे, जो शाळेच्या पुस्तकात नव्हता: मूळ रहिवासी, हाकलून दिलेले मेक्सिकन मजूर, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे अमेरिकन. मुलांनी आधी तो इतिहास शिकला, म्हाताऱ्यांना विचारला आणि मग ब्रश हातात घेतला. एकमेकांशी भांडणाऱ्या वस्त्यांतली मुले एका परांचीवर उभी राहिली.

आम्ही हाच क्रम उचलला. आधी विचारणे, मग रेखाटणे, सर्वांत शेवटी रंग.

भिंत कुणाची?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुंबईत एकाच रस्त्याच्या दोन भिंतींचे मालक निराळे असतात. एक महापालिकेची, दुसरी रेल्वेची, तिसरी म्हाडाची, चौथी एखाद्या सोसायटीची किंवा बंद गिरणीच्या मालकाची. महाराष्ट्रात मालमत्तेचे विरूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. मालकाच्या परवानगीवाचून भिंतीवर लिहिणे किंवा रंगवणे हा त्याखाली गुन्हा ठरतो. हेतू चांगला होता, हे सांगून सुटका होत नाही. आणि आजच्या दिवसांत आपल्या मुलांनी या बाबतीत दुप्पट काळजी घ्यावी, हे आम्ही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. पोरांच्या हातात ब्रश आहे की आणखी काही, हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही. परवानगीचा कागद खिशात असला की बोलणे सोपे होते.

म्हणून अर्ज लेखी केला. त्यात भिंतीचे मोजमाप, फोटो, चित्राचा कच्चा आराखडा, काम करणाऱ्यांची यादी, जबाबदार मोठ्या माणसांची नावे, कामाचे दिवस आणि वेळ, आणि चित्रात जाहिरात किंवा राजकीय पक्षाची खूण नसेल, हे लिहून दिले. डिलाईल रोडचा भाग महापालिकेच्या जी दक्षिण विभागात येतो आणि त्याचे कार्यालय याच रस्त्यावर आहे. महापालिकेची भिंत असेल तर सुरुवात तिथून. सोसायटीची असेल तर सोसायटीच्या बैठकीत ठराव करून घ्यावा. तोंडी "करा, करा" यावर जाऊ नये. जागेवरचा माणूस बदलतो, कागद राहतो.

दुसरी परवानगी कायद्यात नाही, पण ती आम्हाला पहिलीपेक्षा मोठी वाटली. भिंतीसमोर चहाची टपरी आहे. एक चप्पल शिवणारे काका भिंतीला टेकूनच बसतात. समोरच्या घरातल्या आजी रोज खिडकीतून हीच भिंत पाहतात. मुले या सगळ्यांकडे गेली. चप्पलवाले काका म्हणाले, "रंगवा, पण मला उठवू नका." चित्राच्या आराखड्यात त्यांच्या पाठीमागची चार फूट जागा आता साध्या रंगाची ठेवली आहे, म्हणजे टेकून बसल्यावर चित्र खराब व्हायचे नाही.

काय काढायचे

मुलांनी एक वही घेतली आणि जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एक मुस्लिम घरातले आणि एक दुसऱ्या घरातले मूल. त्यांनी गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना तीनच प्रश्न विचारायचे: तुम्ही इथे कसे आलात? कुठला आवाज आठवतो? कुठली वस्तू अजून जपून ठेवली आहे?

उत्तरे भराभर आली. आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. वस्तू म्हणजे पत्र्याची ट्रंक, पितळी डबा, हजेरीचे कार्ड, आजीची शिवणयंत्राची कात्री. एका चाचांनी सांगितले, की साच्याच्या आवाजाने त्यांच्या अब्बांना कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून घरात सगळेच मोठ्याने बोलत. ही सवय तिसऱ्या पिढीपर्यंत आली. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "आमच्याकडेही तेच!" तिथेच "यात आपलं काय आहे" या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाला मिळाले. ते आम्हाला द्यावे लागले नाही.

तरुणांची आठवण मात्र वेगळी होती. डिलाईल पूल. २०१८ च्या जुलैत तो धोकादायक ठरवून बंद केला आणि पूर्णपणे सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पाच वर्षांहून जास्त काळ शाळा, कॉलेज, नोकरी सगळे वळसा घालून. ज्यांनी भोंगा ऐकला नाही, त्यांनी पूल उघडण्याची वाट पाहिली. म्हणून चित्रात एका टोकाला भोंगा आहे आणि दुसऱ्या टोकाला पूल.

आता नाजूक प्रश्न: माणसांचे चेहरे. अमर शेखांचे चित्र काढावे, असे सगळ्यांनाच वाटत होते. पण सजीवांचे चित्र काढण्याबाबत आपल्यात उलेमांची मते एक नाहीत आणि काही घरांत ते वर्ज्य मानतात. त्या घरांतल्या दोन मुली उत्तम रेघ मारतात. चेहरे काढले तर त्या बाजूला राहणार. आम्ही यावर वाद घातला नाही, फतवाही मागवला नाही. मुलांना एवढेच विचारले, की चेहऱ्यावाचून माणूस दाखवता येईल का? दोन दिवसांनी उत्तर आले. शाहिराच्या जागी त्याचा डफ. विणकराच्या जागी साचा आणि त्यातून निघणारे कापड. आईच्या जागी नळाखाली लावलेली हंड्यांची रांग. कापडाचा तो पट्टा भोंग्यापासून निघून डफाखालून, हंड्यांवरून पुलापर्यंत जातो. आराखडा पाहून शेजारचे एक काका म्हणाले, "चेहरा नाही ते बरं झालं. नाहीतर कुणाचा काढायचा यावरून भांडण झालं असतं."

त्याच बैठकीत ठरले, की भिंतीवर कुठल्याही धर्माचे पवित्र वचन किंवा चित्र नको. आयत तर नकोच. रस्त्यावर धूळ उडते, कुत्री फिरतात, उद्या वर पोस्टर चिकटते. जिन्यातल्या टाइलबद्दल विचारणाऱ्या अम्मींना इथे समाधान वाटले. भीतीने स्वच्छ राहणारा कोपरा आणि आपला म्हणून स्वच्छ राहणारा कोपरा यात फरक आहे. आम्हाला दुसरा हवा आहे.

पण आपली कला भिंतीवर यायला आयत लागत नाही. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहा, विजापूरचा इब्राहिम रोजा पाहा. दोरी, पट्टी आणि कंपास यांतून काय काय निघते! आठ कोनांची चांदणी तर शाळकरी मुलालाही जमते. एक चौरस काढा, त्याच मापाचा दुसरा त्यावर तिरका ठेवा, झाली. भिंतीच्या वरच्या आणि खालच्या कडेला एक-एक फुटाच्या चांदण्यांची किनार आहे. ४० फूट लांबी, म्हणून वर ४० आणि खाली ४०. एकूण ८०. बीडीडी चाळीच्या एका इमारतीतल्या खोल्यांइतक्याच. हे आधी कुणी ठरवले नव्हते, मोजताना लक्षात आले. प्रत्येक चांदणी एक घर रंगवील. ज्या घराला जो रंग आवडेल तो.

आमच्या घरातले प्रश्न

पालक म्हणून आमच्या मनातल्या शंकाही लिहिल्या पाहिजेत.

मुलींचे काय? रस्त्यावर, परक्या मुलांबरोबर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर काम. काही घरांनी सुरुवातीला नाहीच म्हटले. त्यांना आग्रह केला नाही. काम फक्त रविवारी सकाळी ८ ते १२, दोन अम्मी किंवा काकू कायम हजर, जवळच्या घरातले स्वच्छतागृह वापरायची सोय, आणि नमाजच्या वेळा सांभाळून सुट्टी, एवढे ठरवले. मग ज्यांनी नाही म्हटले होते त्यांतल्या दोघी अम्मी स्वतःच देखरेखीला आल्या आणि मुलींना बरोबर घेऊन आल्या.

अभ्यासाचे काय? दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलवायचे नाही. पण चित्रकला म्हणजे वेळ घालवणे, हे म्हणणे आम्ही सोडले आहे. राज्याच्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आपली किती मुले देतात? कलेच्या पुढच्या शिक्षणाची वाट तिथून सुरू होते. १८५७ साली सुरू झालेले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आपल्याच शहरात आहे. डिलाईल रोडपासून बसने जाता येते.

पैसा? कुणा पुढाऱ्याकडून घ्यायचा नाही, कारण मग त्याचे नाव भिंतीवर येते. प्रत्येक घराने आपल्या चांदणीपुरते द्यायचे, ज्याला जमत नाही त्याने चहा करायचा किंवा शिडी द्यायची. हिशेब एका मुलीकडे आहे आणि दर रविवारी ती तो मोठ्याने वाचून दाखवते.

रंगाचे गणित

गल्लीत एक रंगारी चाचा आहेत. आराखडा पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भिंतीला ओल आहे का?" ओल असेल तर सगळे मुसळ केरात. वरचा रंग एका पावसात पोपडे धरून पडतो. म्हणून आधी गळके पाइप आणि भेगा पाहायच्या. मग शेवाळ ब्रशने घासून काढायचे, सुटलेला गिलावा खरवडायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्राइमरचा एक हात द्यायचा. नवा सिमेंटचा गिलावा केला तर तो मुरायला चार आठवडे सोडायचे.

भिंत ४० गुणिले ८, म्हणजे ३२० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा रंग एका लिटरात दोन हातांनी साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. म्हणजे तळरंगासाठी ६ लिटरच्या आसपास. चित्राचे रंग वेगळे, पण लहान डब्यांत. मुलांनी खरेदीची यादी याच हिशेबाने केली. नाहीतर उत्साहात वीस लिटर आले असते.

चित्र भिंतीवर न्यायला चौकटींची जुनी रीत. कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट. ४० इंची कागदावर रेघा मारून ३२० चौकटी केल्या, भिंतीवरही खडूच्या दोरीने तेवढ्याच पडतील. प्रत्येक चौकटीला नंबर. मग ज्याला चित्र येत नाही त्यालाही आपल्या चौकटीतली रेघ काढता येते. परांचीवर १८ वर्षांखालच्या कुणी चढायचे नाही, हा नियम मोडला तर त्या दिवसाचे काम बंद.

आणि ऋतू. जूनपासून पावसात हात लावायचा नाही. ऑक्टोबरात भिंत सुकू द्यायची, नोव्हेंबर ते जानेवारी काम. रमजान कुठल्या महिन्यात येतो आणि गणपती-दिवाळी कधी, ते पाहूनच तारखा टाकल्या आहेत.

भिंत पडली तर?

शेवटचा प्रश्न खिडकीतल्या आजींनी विचारला. "बाळांनो, सगळा डिलाईल रोड पाडून टॉवर होतायत. ही भिंत राहील का?"

खरे उत्तर असे, की ठाऊक नाही. बीडीडीच्या ज्या भिंतींना लोक शंभर वर्षे टेकले, त्याही उतरल्या. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००१ साली 'लोअर परळ' नावाचे चित्र रंगवले. तेव्हाचे लोअर परळ आज त्या रस्त्यावर सापडत नाही, कॅनव्हासवर मात्र आहे. आमची भिंत तर कॅनव्हासही नाही.

मुलांनी यावर बराच विचार केला आणि एक ठराव केला. आठवणींच्या वहीच्या तीन प्रती काढायच्या. एक गल्लीतल्या वाचनालयात, एक शाळेत आणि एक ज्या घरातून सगळ्यांत जास्त आठवणी आल्या त्या घरात. भिंत उद्या पाडली गेली तरी कुणाचे अब्बा कुठल्या साच्यावर होते आणि कुणाचे आजोबा त्यांच्या शेजारी कुठल्या पाळीला उभे राहत, हे लिहिलेले राहील. नव्या टॉवरमध्ये हीच घरे वेगवेगळ्या मजल्यांवर जातील. एकमेकांची दारे रोज दिसणार नाहीत. तेव्हा ८० चांदण्यांपैकी आपली कुठली आणि शेजारची कुठली, एवढे आठवले तरी लिफ्टमध्ये सलाम-नमस्कार होईल.

भिंत धुऊन-घासून तयार करायचे काम पावसाळा संपला की सुरू होईल, इन्शाअल्लाह. आपल्या गल्लीत अशी एखादी भिंत असेल तर वाचकांनीही एक वही घेऊन सुरुवात करावी. रंगाच्या दुकानात शेवटी जायचे. आधी शेजारच्या दारावर थाप मारायची आणि विचारायचे, तुम्ही इथे कसे आलात?